नोरीच्या सदतीस हाका

सदतिसावी हाक मारून झाली आणि नाझनीननं काचेपलीकडून अंगठा वर करून झाल्याची खूण केली. मी बूथमध्ये बोलायचं टॉकबॅकचं बटण दाबून म्हटलं, "ब्यूटिफुल! आता पहिल्या सीनपासून साधे डायलॉग घेऊ." तिनं कागद पुढे ओढला. इशाऱ्याचे तीन बीप वाजले, चौथ्याच्या जागी बोलायचं असतं, तिथे तिनं तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. मला वाटलं माइक गेला. केबल तपासली, दुसरी लावली. तिनं पुन्हा तोंड उघडलं. स्क्रीनवरची हिरवी रेघ जागची हलली नाही. माइक ठणठणीत होता.

चूक कुणाची, हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

मी साउंड रेकॉर्डिस्ट. गाव चिपळूणजवळ, पण गेली एकवीस वर्षं मुक्काम कुवेतात. मिरकाबमधल्या एका जुन्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर आमचा डबिंग स्टुडिओ आहे. जपानी कार्टून सिरीयल आमच्याकडे येतात, आम्ही त्यांना इंग्लिश आवाज देतो आणि आखातातली इंग्लिश मीडियमची पोरं त्या बघतात. ऐकायला मजेचं वाटतं, पण आहे ते शिंप्याचं काम. चित्रातल्या पोराचं तोंड जपानी वाक्याच्या मापानं उघडतं आणि मिटतं. त्याच मापात इंग्लिश वाक्य बसवायचं. तोंड मिटल्यावरही आवाज चालू राहिला की पोरं खो-खो हसतात. त्यांना फसवता येत नाही.

ही गोष्ट ज्या सिरीयलची, तिचा हिरो नोरी, आठ वर्षांचा. त्याचा दोस्त गोरोमा, ढगात राहणारा केसाळ प्राणी. नोरी संकटात सापडला की आभाळाकडे बघून जिवाच्या आकांतानं "गोरोमाऽऽ" अशी हाक मारतो. मी राहतो त्या सालमियातल्या बिल्डिंगीच्या लिफ्टमध्ये पोरं ही हाक मारतात तेव्हा कानठळ्या बसतात, आणि खोटं कशाला बोलू, थोडी छातीही फुगते. दप्तरं, डबे, चपला, गेम, सगळ्यावर नोरी. आमच्या धंद्यात याला फ्रँचायझी म्हणतात. एक कार्टून आणि त्याच्या जिवावर चाललेलं अख्खं दुकान.

हा नोरी म्हणजे आमची नाझनीन. लहान मुलग्याचा आवाज बहुतेक वेळा बाईच देते, कारण खऱ्या मुलाचा आवाज दोन-तीन वर्षांत फुटतो आणि सिरीयल दहा-दहा वर्षं चालते. नाझनीनचे आईवडील दापोलीकडचे, ती मात्र जन्मली-वाढली इथेच. सकाळी शाळेत केजीच्या वर्गाला शिकवते. आईशी घरच्या कोकणी मराठीत बोलते, माझ्याशी इंग्लिशमध्ये, आणि चिडली की हिंदीत. सहा वर्षं ती नोरी होती. आणि आता नोरीचा पहिला सिनेमा येत होता, थिएटरात लागणारा. क्रेडिटमध्ये पहिलं नाव तिचं येणार होतं. सिरीयलमध्ये डबिंगवाल्यांची नावं मुंग्यांएवढ्या अक्षरांत पळतात, कुणी वाचत नाही. तेव्हा हे किती मोठं होतं बघा.

आता आमचे नियम सांगतो. लिहिलेले नव्हते, कारण लिहायची वेळच आली नव्हती. एक, ओरडणं शेवटी. आधी शांत डायलॉग, मग हसणं-रडणं, मग पळापळ, आणि सगळ्यात शेवटी किंकाळ्या. घसा बसला तरी मागे काम उरलेलं नसतं. दुसरं, आर्टिस्टच्या हाताशी कोमट पाणी हवं. आणि रमजानात ज्यांचा रोजा असतो त्यांना दिवसा बोलवायचंच नाही. इफ्तार होऊ द्यायचं, पोटात दोन घास गेले की मग सेशन.

त्या दिवशी मी तिन्ही मोडले.

जपानहून मोरिता मॅडम आल्या होत्या. सिनेमाच्या सगळ्या भाषांतल्या आवाजांवर त्यांची देखरेख. दुपारी त्यांचं विमान होतं. आमचे कुवेती मालक बू नासर, म्हणजे नासरचे वडील. इथे मोठ्या मुलाच्या नावानं बापाला ओळखतात. पाहुणा दारात आला की हा माणूस स्वतःची खुर्ची सोडतो. मोरिता मॅडम नम्रपणे म्हणाल्या, जाण्याआधी दोन-तीन हाका ऐकायला मिळाल्या तर बरं, सिनेमाचा जीव त्यातच आहे. बू नासरनी लगेच नाझनीनला शाळेतून बोलावून घेतलं.

"कदम, पहले गोरोमा," ते मला म्हणाले.

"बू नासर, उसका रोजा है. शाम को लेते हैं ना."

"मेहमान है, कदम. खाली दो-तीन."

नाझनीन म्हणाली, "आय कॅन डू इट, अंकल. डोंट वरी."

रोजा असणाऱ्यासमोर पाणी ठेवू नये म्हणून बूथमधली बाटली मीच उचलून बाहेर ठेवली. आदबीनं! तिनं तीन हाका मारल्या. काय लागला होता आवाज! मोरिता मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. वाकून वाकून त्यांनी आभार मानले आणि त्या एअरपोर्टला निघाल्या.

इथे थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. एकदा आवाज लागला की रेकॉर्डिस्टला हाव सुटते. मी म्हटलं, "नाझनीन, लागलाच आहे आवाज तर सगळ्याच घेऊन टाकू या का?" ती नाही म्हणाली नसती, हेही मला माहीत होतं. चौथीपासून सदतिसावीपर्यंतच्या सगळ्या हाका माझ्या हावेच्या.

सालमियातल्या क्लिनिकमध्ये डॉक्टर कुलकर्णीबाईंनी नाकातून कॅमेऱ्याची बारीक नळी घालून घसा तपासला. आवाज निघतो तो घशातल्या दोन नाजूक पट्ट्यांमधून, त्यांना स्वरतंतू म्हणतात. स्क्रीनवर डावी पट्टी पांढरी होती. उजवी लालभडक.

"रक्त साकळलंय," बाई म्हणाल्या. "दहा दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानंही ताण पडतो."

"आणि बोलली तर?"

"तर व्रण धरेल. मग हा आवाज परत मिळेल की नाही, मी सांगू शकत नाही. कोरड्या घशानं हिला ओरडायला लावलं कुणी?"

"मी."

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे नीट बघितलं. "किती वर्षं करताय हे काम?"

तिला घरी सोडायला गेलो तेव्हा इफ्तारची वेळ झाली होती. तिची आई, झुबेदाभाभी, दारातच उभी होती. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिनं लेकीला आत घेतलं. मग म्हणाली, "कदमभाऊ, तुमच्या भरवशावर पाठवलेली मी पोरीला." एवढंच. आणि माझ्यासमोर खजूर आणि भज्यांची बशी ठेवली. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

आता अडचण अशी होती की सिनेमाचे सगळे आवाज आठव्या दिवशी जपानला पोचायला हवे होते. डॉक्टरांनी सांगितले होते दहा. रात्रंदिवस माझ्या डोक्यात हे दोनच आकडे फिरत होते. कामावरून काढलं तर इकामा जाणार, म्हणजे इथे राहायची परवानगीच जाणार, हीही धास्ती होती. पण खरं सांगतो, ती दुसऱ्या नंबरावर होती.

दुसऱ्या दिवशी बू नासरनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"कदम, तेरे पास छे साल का आवाज है उसका. कम्प्यूटर में डालो. एआय करेगा बात. खलास, मुश्किला खतम."

होण्यासारखं होतं ते. तिचे ढीगभर डायलॉग माझ्या हार्ड डिस्कवर पडलेले. मी म्हटलं, तिला विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही. तिथेच मेसेज केला. उत्तर आलं, "नो अंकल. दॅट वोंट बी मी." बू नासरनी तो वाचला, फोन परत दिला आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

"तो जपान को लिखो, आर्टिस्ट बीमार हो गई."

"नहीं बू नासर. ऐसा लिखा तो उनके कागज पे वो कच्चे गले की आर्टिस्ट बनके रहेगी. अगले सीजन में कौन लेगा उसको? गलती मेरी है, मैं बताता हूँ."

"तुम्हारा नौकरी का बात है, कदम."

"मालूम है."

व्हिडिओ कॉल लावला. मोरिता मॅडमना सगळं सांगितलं, रोज्याचं, पाण्याच्या बाटलीचं, हाकांचं. त्या ऐकत राहिल्या.

"मी तीन मागितल्या होत्या," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग सदतीस का?"

"हाव," मी म्हटलं. इंग्लिशमध्ये शब्द शोधायला मला वेळ लागला, पण बोललो तेच.

त्या म्हणाल्या, तारीख हलवणं त्यांच्या हातात नाही. आठव्या दिवसाच्या सकाळपर्यंत वाट बघतील. नाहीतर दुसऱ्या देशातली एक आर्टिस्ट तयार ठेवली आहे, ती नोरीचे डायलॉग बोलेल.

सहाव्या दिवशी नाझनीन स्वतः स्टुडिओत आली. गळ्याला ओढणी गुंडाळलेली, हातात मुलांना अक्षरं शिकवायची छोटी पाटी. पाटीवर लिहिलं होतं, "फील्स फाइन. ओन्ली सॉफ्ट लाइन्स. प्लीज." ती बूथकडे निघाली. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, घ्यावं. हळूच बोलेल, काय बिघडतंय? सहा वर्षांची मेहनत तिची. काचेपलीकडे ती हेडफोन घालून बसलीसुद्धा.

मी उठून भिंतीवरचा मेन स्विच बंद केला. सगळे दिवे, मशीन, एसी, सगळं गप्प झालं. ती बाहेर आली आणि पाटीवर एवढ्या जोरात लिहायला लागली की पेन मोडलं. मोबाइलच्या उजेडात मी वाचलं. हिंदी होतं. "आपने ही आवाज लिया. अब आप ही रोक रहे हो."

"हो," मी म्हटलं. "तेव्हा रोखायला हवं होतं, रोखलं नाही. आता रोखतोय."

पाटी तिथेच टाकून ती निघून गेली. आठव्या दिवशी नोरी दुसऱ्या कुणाचा तरी झाला. तिनं माझे मेसेज बघितले, उत्तर एकालाही दिलं नाही.

अकराव्या दिवशी फोन वाजला. झुबेदाभाभी. "जरा धरा," म्हणाली. मग पलीकडून हळू, घोगरा, पण आवाज आला, "हॅलो, अंकल." मी रस्त्यात होतो, तिथेच फुटपाथवर बसलो. पन्नाशी ओलांडलेला माणूस भर उन्हात रडतोय म्हणून एक टॅक्सीवाला थांबून विचारून गेला.

सिनेमा लागला बकरी ईदच्या सुट्टीत. नाझनीननं मला आणि आईला दोघांना नेलं. का, ते मी विचारलं नाही. थिएटर पोरांनी भरलेलं. नोरी पडद्यावर आला आणि बोलला. बाई चांगली होती, तोंडाच्या मापात चोख बसली होती. पण पुढच्या रांगेतली एक चिमुरडी मोठ्यानं म्हणाली, "मम्मा, दॅट्स नॉट नोरी!" नाझनीन समोर बघत राहिली. झुबेदाभाभीनं तिचा हात धरला.

मग नोरी कड्यावर अडकला, आभाळाकडे बघितलं आणि हाक मारली.

मी ताडकन सरळ बसलो. ती नाझनीन होती. हाका आमच्याकडून आधीच जपानला जाऊन मंजूर झाल्या होत्या आणि जपानवाल्यांनी त्या बदलल्या नव्हत्या. अख्खा सिनेमाभर बोलणं त्या बाईचं आणि हाका हिच्या. चिमुरडी खुर्चीवर उभीच राहिली. प्रत्येक हाकेला सगळं थिएटर ओरडत होतं.

सगळ्यात शेवटची हाक, गोरोमा परत येतो तिथली. मला प्रत्येक टेक पाठ आहे, ही सदतिसावी. तिच्या शेवटाला एक बारीकशी चीर ऐकू येते. पोरांना ते नोरीचं रडणं वाटलं.

नाझनीन माझ्याकडे वाकली आणि जन्मात पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली. "अंकल, हीच ना ती?"

"हीच," मी म्हटलं.

क्रेडिटमध्ये तिचं नाव आलं, तळाला, 'इतर आवाज' या यादीत, मुंग्यांएवढ्या अक्षरांत. आम्ही तिघांनी उभं राहून वाचलं. पुढच्या सीझनसाठी मोरिता मॅडमनी मेल करून तिचंच नाव मागितलं, आणि मेलच्या खाली एक ओळ होती, रेकॉर्डिस्ट तोच चालेल.

आता बूथच्या दारावर कागद आहे. ओरडणं शेवटी, पाणी हाताशी, रमजानात दिवसा सेशन नाही. त्याखाली बू नासरनी स्वतः अरबीत लिहिलंय, पाहुणा असला तरी. चौथा नियम कागदावर नाही, तो माझ्यापुरता आहे. आवाज फार छान लागला असेल, तेव्हाच रेकॉर्डिंग बंद करायचं.