ग्वेंडाचा ऑक्टोबर

ग्वेंडा सटक्लिफ लबाड आहे असं क्रॉशॉत कोणी म्हटलं असतं, तर लोकांनी म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. उभी हयात तिने गावातल्या बायकांचे केस कापले. तिच्या खुर्चीत बसून बायका नवऱ्यांच्या, सुनांच्या, दुखण्याखुपण्याच्या गोष्टी सांगायच्या आणि त्यातली एकही गोष्ट कधी सलूनच्या दाराबाहेर गेली नाही. गावच्या पळणाऱ्यांच्या क्लबमध्येही तिचा शब्द म्हणजे शब्द. चहाच्या पैशांच्या पेटीची किल्ली तिच्याकडेच असायची.

पळायला ती लागली पन्नाशी उलटल्यावर. शाळेत खेळाच्या तासाला तिला कायम मुलींचे कोट सांभाळायला बसवत. त्यामुळे आपल्या अंगात धाव आहे हे तिला कळायलाच उशीर झाला. एकदा कळल्यावर मात्र तिने सोडलं नाही. क्रॉशॉच्या क्लबात दरवर्षी एक आव्हान असतं: जानेवारी ते डिसेंबर, दर महिन्याला निदान एक शर्यत पुरी करायची. ऐकायला सोपं वाटतं. पण जानेवारीत शेतं गोठलेली असतात, जूनमध्ये डोंगरांवरच्या शर्यती असतात, आणि डिसेंबरातली शर्यत नाताळच्या दुसऱ्या दिवशी, पोटात पुडिंगचा धोंडा घेऊन पळायची असते. एक महिना हुकला की सगळं वर्ष पाण्यात. पुरं करणाऱ्याचं नाव पबच्या मागच्या खोलीतल्या लाकडी पाटीवर सोनेरी अक्षरांत लिहितात.

ग्वेंडाचं नाव त्या पाटीवर नव्हतं. एका वर्षी ऑगस्टमध्ये तिची आई जिन्यावरून पडली, महिना इस्पितळात गेला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात फ्लूने तिला अंथरुणाला खिळवलं. क्लबचा कप्तान नॉर्मन तिला चिडवायचा, "ग्वेंडा, तुझं वर्ष अकराच महिन्यांचं असतं का गं?" ती हसायची, पण ते तिला लागायचं.

साठी लागली त्या वर्षी तिने मनाशी ठरवलं, यंदा काहीही होवो. सप्टेंबरपर्यंत सगळं सुरळीत झालं. ऑक्टोबरसाठी तिने हॅगस्टोन माळाची शर्यत धरली होती, महिन्याच्या शेवटच्या रविवारची. क्लबातले बाकी सगळे त्या दिवशी लँकेशायरला सांघिक शर्यतीला जाणार होते, म्हणून ती एकटीच. आणि आदल्या गुरुवारी सलूनच्या मागच्या पायरीवरून तिचा पाय घसरला. पोटरीत काहीतरी कटकन तुटल्यासारखं झालं. शनिवारी तिला धड जिनाही उतरता येईना.

तिची भाची टॅमसिन त्या शनिवार-रविवारी लीड्सहून आली होती. तिशीतली, तब्येतीसाठी पळणारी, मनाने सरळ मुलगी. मावशीचं तोंड उतरलेलं पाहून तिला राहवलं नाही.

"मावशी, मी पळते ना तुझा नंबर लावून."

"असं करत नाहीत गं."

"कोण बघतंय? पाऊस असणार, सगळे टोप्या ओढून पळणार. छातीवरचा नंबर तुझा, नाव तुझं. जाते, पळते, घरी येते. कोणाचं काय बिघडतं?"

ग्वेंडा नाही म्हणाली. मग चहा केला. चहा पिताना पुन्हा नाही म्हणाली, पण हळू आवाजात. झोपायला जाताना तिने टॅमसिनला सेफ्टी पिना कुठे आहेत ते दाखवलं आणि बजावलं, "हळू पळ. शेवटच्या घोळक्यात राहा. पुढे जाऊ नकोस."

टॅमसिन खरंच हळू पळाली. माळावरच्या दगडी भिंतीपाशी थांबून टॉफी खाल्ली, मेंढ्या बघितल्या, दोनदा बुटाची नाडी बांधली. तीस वर्षांच्या पायांना साठ वर्षांचं हळू कसं जमणार? शर्यत संपताच ती गाडीत बसून निघून आली. आंघोळ करून बाहेर येऊन म्हणाली, "झालं बघ मावशी. ऑक्टोबर तुझा." ग्वेंडाने तिला मिठी मारली. त्या संध्याकाळी तिला खरोखर आनंद झाला होता, आणि पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या आनंदाची.

मंगळवारी नॉर्मन सलूनमध्ये आला तो हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. आत भाजलेल्या मातीचा मोठा तपकिरी वाडगा होता, काठावर हॅगस्टोनचा सुळका कोरलेला.

"साठीच्या पुढच्या बायकांत पहिली! आणि बक्षीस न घेताच पळालीस? शर्यत भरवणाऱ्या डेसमंड पिकल्सने माझ्याकडे पाठवलंय. लपूनछपून जिंकतेस होय गं?"

डोक्याला रंग लावून बसलेल्या दोघी बायकांनी टाळ्या वाजवल्या. ग्वेंडाच्या हातात कंगवा होता, तो तिने तीनदा पुसला. तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण बाहेर आलं ते एवढंच, "चिखल फार होता."

वाडगा तिने मागच्या खोलीत टॉवेलांच्या कपाटात ठेवला. पहिली आलो म्हणजे कोणीतरी दुसरी आली, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. ते आलं दोन आठवड्यांनी, एनिड क्रॅबट्री केस कापायला आली तेव्हा.

एनिड शेजारच्या खोऱ्यातली, तिथल्या क्लबची. सदुसष्ट वर्षांची, अंगाने काटकुळी, कायम बसने येणारी. ग्वेंडाकडे ती बरीच वर्षं येत होती. हॅगस्टोनची शर्यत सुरू करणाऱ्या चारपाच जणांत तिचा नवरा होता. तो गेला तरी एनिडने एकही वर्ष चुकवलं नव्हतं. तिला तिथे कधी काही मिळालं नव्हतं, कारण दरवर्षी एक ठरलेली बाई जिंकायची. ती बाई त्या उन्हाळ्यात मुलीकडे स्पेनला राहायला गेली होती.

"अभिनंदन हो," एनिड आरशातून म्हणाली. "मी तुला पाहिलंच नाही. किती पुढे होतीस?"

"गर्दीच होती तशी," ग्वेंडा म्हणाली.

"लंगडतेयस?"

"पोटरी. उतारावर."

"माळ काहीतरी घेतल्याशिवाय सोडत नाही." एनिड हसली. "मला तर तो खुब्यालाच धरून बसलाय. जानेवारीत नवा खुबा घालणार आहेत. डॉक्टर म्हणाला, पळणं आता बंद. म्हणजे हॅगस्टोन माझा शेवटचाच. तुला खरं सांगू? पहिल्या भिंतीपर्यंत मला वाटत होतं, यंदा मीच. ती स्पेनवाली नाही, दुसरं कोणी दिसत नाही. मग पिकल्सने तुझं नाव वाचलं. मी म्हटलं, असू दे, माझे केस कापणारीच आहे, घरातच राहिलं." आणि ती पुन्हा हसली.

ग्वेंडाने कात्री खाली ठेवली. पाणी आणायच्या निमित्ताने मागे गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली. परत आली तेव्हा एनिडने विचारलं, "बरं वाटत नाही का?" ग्वेंडा म्हणाली, सकाळपासून काही खाल्लेलं नाही. एनिडने पिशवीतून आपलं बिस्कीट काढून तिला दिलं. ते तिला खावं लागलं.

त्या दिवसापासून ग्वेंडाचं पळण्यावरचं मन उडालं. पोटरी बरी झाली. नोव्हेंबरची शर्यत तिने गुडघाभर चिखलात पुरी केली, नाताळच्या दुसऱ्या दिवशीचीही केली. शेवटच्या रेषेवर नॉर्मनने तिला उचलायचंच बाकी ठेवलं. "बारा! अगं, हस तरी. कोणाच्या मयताला आलीस का?" तिने गळ्यातला मफलर तोंडावर ओढून घेतला. लोकांना वाटलं आनंदाने रडतेय.

तिने टॅमसिनला फोन केला. टॅमसिन म्हणाली, "मावशी, मातीचा एक वाडगा. तिला कळणारही नाही. सांगून उगाच तिला दुखावशील. आणि माझंही नाव येईल." ग्वेंडाला ते पटावंसं वाटत होतं. चार दिवस पटलंही. मग क्लबच्या जेवणाचं आमंत्रण आलं, आणि पाटी रंगवणारा माणूस तिच्या नावाचं स्पेलिंग विचारायला सलूनमध्ये आला. आडनावाच्या शेवटी ई लावायचा की नाही, एवढंच त्याला हवं होतं. ग्वेंडा त्याला म्हणाली, "थोडं थांब. एवढ्यात लिहू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी सलून बंद ठेवून, वाडगा मांडीवर घेऊन ती बसने शेजारच्या खोऱ्यात गेली.

एनिडचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. ती खिडकीपाशी उंच खुर्चीत बसली होती, समोर चालायची चौकट. "अरे वा, घरी येऊन केस कापायला लागलीस की काय?" मग तिचं लक्ष वाडग्याकडे गेलं.

ग्वेंडाने बसमध्ये वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. "एनिड, त्या दिवशी मी पळाले नव्हते. पाय दुखावला होता. माझ्या नंबरवर माझी भाची पळाली. ती तिशीची आहे. पहिली तू आलीस."

एनिडने समोरची चौकट बाजूला सरकवली. मग विचारलं, "पोटरी उतारावर दुखावली म्हणालीस."

"सलूनच्या पायरीवर."

"आणि गर्दी होती म्हणालीस."

"हो."

"मी टाळ्या वाजवल्या गं," एनिड म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट बारीक झाला होता. "बाजूच्या बाईला मी सांगितलं, ही माझी मैत्रीण आहे म्हणून."

ग्वेंडाने वाडगा टेबलावर ठेवायला हात पुढे केला.

"इथे नको ठेवूस. तू मला असा चोरून आणून देणार, मी तो कपाटात ठेवणार, आणि तू हलकी होऊन घरी जाणार. मी का म्हणून तुझं ओझं ठेवून घेऊ? पिकल्सला सांग. सगळ्यांना कळू दे. मग त्याला द्यायचा असेल तर तो देईल."

"सांगते."

"आणि ग्वेंडा, पाय बरा असता तर तू मला हरवलं असतंस का?"

खोटं बोलायला ती शेवटची संधी होती, आणि त्या वेळी ते खोटं चांगुलपणाचंही दिसलं असतं. ग्वेंडा म्हणाली, "बहुतेक हो."

"मलाही तसंच वाटतं," एनिड म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. "जाताना दार ओढून घे. वारा येतो."

डेसमंड पिकल्सला तिने त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन सांगितलं. तो निवृत्त मास्तर, आता दुकान चालवणारा, बोलणं मोजकं. सगळं ऐकून म्हणाला, "सटक्लिफबाई, तुमची भाची माळावर पडली असती, तर आम्ही तुमच्या घरी फोन केला असता. तुमचा रक्तगट, तुमची औषधं तिचीच समजून डॉक्टरला सांगितली असती. याचा विचार केला होता?"

"नाही."

"करायला हवा होता." त्याने निकाल बदलला आणि दोन वर्षं हॅगस्टोनला तिला नंबर मिळणार नाही असं सांगितलं. वाडगा त्याने स्वतः एनिडकडे पोचवला. ग्वेंडाने भाचीचं नाव कुठेच घेतलं नाही, नुसतं 'माझ्या घरचं कोणीतरी' म्हणाली. टॅमसिनने मात्र बदललेल्या निकालाखालची टीप वाचून स्वतःच त्याला फोन केला आणि आपलं नाव सांगितलं.

क्लबच्या जेवणाला ग्वेंडा गेली. जायचं नव्हतं, पण न जाणं जास्त सोपं वाटलं म्हणून गेली. नॉर्मनने नावं वाचली, तिचं वाचलं नाही. तिने उठून, खुर्चीच्या पाठीला धरून, काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. कोणीतरी ग्रेव्हीचं भांडं पुढे सरकवलं. चहाच्या पैशांच्या पेटीची किल्ली तिने टेबलावर ठेवली, तर नॉर्मन म्हणाला, "ते कशाला आता? चहा तर तूच करायचास," पण त्या वर्षी त्याने तिला एकदाही चिडवलं नाही. ते चिडवणं नसणं तिला फार जड गेलं.

एनिड पुन्हा केस कापायला आली नाही. दर महिन्याच्या त्या ठरलेल्या शुक्रवारी ग्वेंडा ती वेळ रिकामी ठेवायची. कोणी मागितली तर द्यायची, पण स्वतःहून कोणाला बोलवायची नाही.

ऑक्टोबरात ती हॅगस्टोनला गेली, पळायला नव्हे. पिकल्सला माळावर उभी राहायला माणसं हवी होती. त्याने तिला वरच्या फाटकापाशी ठेवलं, जिथे वारा सगळ्यात जास्त असतो आणि तिथे उभं राहायला कोणीच हात वर करत नाही. पिवळा अंगरखा घालून ती पळणाऱ्यांना वाट दाखवत राहिली, "डावीकडे, डावीकडे, भिंतीला धरून." क्लबातले काही जण हात करून गेले, काहींनी मान खाली घातली. दोन्हींचं तिला वाईट वाटलं आणि दोन्ही तिने घेतलं.

सगळे निघून गेल्यावर मागून एनिड आली. हातात काठी, पाठीवर झोळी, चढणीवर दर दहा पावलांनी थांबत. शेवटच्या पळणाऱ्याच्या मागून वाटेवरचे खुणेचे झेंडे काढत यायचं काम तिने मागून घेतलं होतं. फाटकापाशी ती आली, तसं ग्वेंडाने ते उघडून धरलं.

"खुबा कसा आहे?" ग्वेंडाने विचारलं.

"चालतो."

"झेंडे जड असतील. देतेस?"

एनिडने तिच्याकडे पाहिलं. मग झोळी खांद्यावरून काढली, त्यातले अर्धे झेंडे तिच्या हातात दिले आणि अर्धे स्वतःकडे ठेवले. "खालच्या ओढ्यापर्यंतच. पुढचे मी काढते." आणि फाटकातून बाहेर पडताना वळून म्हणाली, "कडी नीट लाव. मेंढ्या खाली उतरतील."

ग्वेंडाने कडी लावली, हलवून पाहिली, आणि तिच्या मागून, थोडं अंतर ठेवून, उतरू लागली.