तीनदा मिस्त्री

लाखांदुरात त्यांचं खरं नाव फार कमी लोकांना ठाऊक होतं. कोणतंही माप तीनदा घेतल्याशिवाय पुढे सरकत नसत, म्हणून सगळे त्यांना तीनदा मिस्त्री म्हणत. ते माप सांगायचे, गाडीवाल्यानं खडूनं शटरवर लिहायचं, अशी त्यांची रीत. मापावर शंका घेणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याला त्यांनी उघड्या इंजिनासकट परत पाठवलं होतं. त्याला एवढंच म्हणाले, "तुमचा भरोसा जिथं आहे, तिथं न्या."

त्या दुपारी मी घाईत होतो. माझ्या जुन्या डिझेल जीपचं इंजिन तापून ब्लॉक वाकडा झाला होता. तो मी भंडाऱ्याहून घासून, सपाट करून आणला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जीपनं आईला डायलिसिसला न्यायचं होतं. ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामध्ये बसणाऱ्या गॅस्केटच्या कडेला खाचा असतात. एक खाच म्हणजे पातळ, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे जाड. माझं जुनं गॅस्केट एका खाचेचं होतं. मी म्हटलं, तसलंच टाका, मोजण्यात वेळ कशाला घालवता?

मिस्त्रींनी मान वर केली नाही. "काहून घाई करून राहिले भाऊ? ब्लॉक घासला ना? मंग पिस्टन आता जास्त वर येईन. पातळ गॅस्केट टाकलं तर हेडले ठोकर मारन. बीच रस्त्यात."

मी खडू उचलला. पिस्टन ब्लॉकच्या किती वर येतो, हे मिस्त्री मापाच्या डायलवर वाचू लागले. हिशेब मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा. सर्वांत उंच पिस्टन पंचाहत्तरपर्यंत असेल तर दोन खाचा, त्यापुढे तीन. पहिला पिस्टन एकाहत्तर, बहात्तर, एकाहत्तर. दुसरा सत्तर, एकाहत्तर, सत्तर. तिसरा अडुसष्ट, अडुसष्ट, अडुसष्ट. चौथा बहात्तर, एकाहत्तर, बहात्तर. त्यांनी दोन खाचांचं गॅस्केट हातात घेतलं.

माझी नजर तिसऱ्या ओळीवर अडली. वीस वर्षं मी त्यांच्याकडेच येत होतो; त्यांची तिन्ही मापं अशी हुबेहूब एक आलेली मी पाहिली नव्हती. दर वेळी एखाद्या पॉइंटचा फरक असायचाच. म्हणजे पहिलं वाचलं होतं आणि पुढची दोन आठवून सांगितली होती. बोलावं तर त्यांचा अपमान, न बोलावं तर जीपमध्ये आई बसणार होती. मी म्हटलं, "मिस्त्री, तिसरं लिहिताना माझंच चुकलं वाटते. एकदा पुन्हा सांगा."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हत्यारं गुंडाळणार. मग त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला, डायल तिसऱ्या पिस्टनवर बसवला आणि त्याचं तोंड माझ्याकडे फिरवलं.

"मी फिरवतो. तुमी वाचा."

अठ्ठ्याहत्तर. एकोणऐंशी. अठ्ठ्याहत्तर.

त्यांनी स्वतःच्या तळहातानं शटरवरची अडुसष्टची ओळ पुसली आणि दोन खाचांचं गॅस्केट खिळ्याला परत अडकवलं. तीन खाचांचं बसवलं. हेड आवळून झाल्यावर त्यांनी इंजिन हातानं फिरवलं, दोन पूर्ण फेरे. कुठे अडतं का, हे आम्ही दोघंही कान देऊन ऐकत होतो. कुठेच अडलं नाही. मी निघताना ते हळूच म्हणाले, "आईले सांभाळून न्या."

मी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. त्यांनीच सांगितली. पुढच्या आठवड्यापासून इंजिन उघडायला येणाऱ्या प्रत्येकाला ते म्हणत, "हात माहे आहेत, डोळे नाई. वाचणारा घेऊन या." कुणी मिळाला नाही तर मला निरोप यायचा. शेवटची दोन वर्षं मीच त्यांचा डायल वाचला. मापावरून आमचं भांडण कधी झालं नाही, पण मी दुसऱ्यांदा वाचताना घाई केली तर ते इंजिन मागे फिरवून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावत.

मिस्त्री गेले त्याला वर्ष होत आलं. आईचं ब्लडप्रेशर मी घरीच मोजतो, तीनदा. तिन्ही आकडे अगदी सारखे आले की मी पट्टा सोडतो, चष्मा पुसतो आणि चौथ्यांदा मोजतो.