आमच्या विहिरीच्या पाण्यातली डाळ

आमच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ एका उकळीत शिजायची. सांगोल्याकडच्या आमच्या वस्तीवर सगळ्यांना हे ठाऊक, आणि मला त्याचा लई ताठा.

दुष्काळात ती विहीर आटली. मग टँकर यायला लागला, फिल्टरचं पाणी घेऊन. त्याला औषधाचा वास. मी टँकरवाल्याला म्हणालो, "बॅरलात नगं, समदं विहिरीत सोड. चार दिस तिच्या पोटात राहिलं की गोड हुतंय." चुलतीनं तेवढं आपलं बॅरल आधी भरून घेतलं.

वास गेला, हे खरं. पण कोरड्या मुरमात मुरून जे परत झिरपलं ते मचूळ. मुरमातला सगळा खार त्या पाण्यानं ओढून घेतला होता. बायका तोंडं वाकडी करायच्या. मी त्यांच्यासमोर तांब्याभर प्यायचो आणि विचारायचो, "काय झालंय ह्याला?"

त्यातच धाकट्या बहिणीची सुपारी फोडायला श्रीपूरकडचे पाहुणे आले. चुलती सकाळीच घागर घेऊन दारात. "डाळीपुरतं तरी हे घे की, बाबा."

"आमच्या चुलीवर दुसऱ्याचं पाणी चढत न्हाय, काकी."

घागर परत गेली. बहिणीनं डाळीत सोडा टाकला, रवीनं घोटून घोटून हात दुखवले, दाणा तसाच. पाहुणे उसाच्या पट्ट्यातले. पाणी मचूळ लागलं तरी बोलले नाहीत, दुष्काळच होता. पण असल्या पाण्यात डाळ शिजत नाही हे त्यांना कुठलं माहीत? मुलाच्या आईनं ताटातला दाणा चिमटीत दाबून बघितला.

"पोरी, डाळ शिजवाय कुणी शिकवलं न्हाय व्हय?"

सुपारी अजून फुटायची होती. बहिणीनं माझ्याकडं बघितलं. मी तांब्या उचलून पाहुण्यांचे पेले भरायला लागलो. विहिरीचं तिनंही सांगितलं नाही.

"चुकलं माझं," म्हणाली.

सुपारी फुटली, लग्नही झालं. पुढं एकदा तिच्या सासरी जेवायला बसलो होतो. वरण लोण्यासारखं मऊ. सासू हसत मला म्हणाली, "आली तवा हिला डाळबी शिजवता येत नव्हती बघा. मी शिकवली."

बहिणीनं माझ्या ताटात आणखी एक पळी वाढली. मी खाली मान घालून जेवलो.