शेवटापासून सुरू झालेली सहल

धाकटे घड्याळजी म्हणजे नेमकेपणाचा पुतळा, अशी त्यांची बाजारात ख्याती होती. थोरले बंधू दुकानाच्या गल्ल्यावर बसत आणि धाकटे आतल्या बाजूस, टेबलावरच्या दिव्याखाली, डोळ्याला भिंग लावून घड्याळे दुरुस्त करीत. उभे आयुष्य त्या टेबलाच्या चार कडांत सुखाने मावले होते. परंतु गेल्या हिवाळ्यापासून त्यांच्या दृष्टीच्या नेमक्या मध्यभागी एक करडा डाग येऊन बसला. कडेचे दिसे, ज्याच्याकडे पाहावे, तेच नाहीसे होई. "गेलेलं परत यायचं नाही," असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा घड्याळजींनी मान डोलावली आणि घरी अवाक्षर काढले नाही. बोटांची सवय आणि कानांचा भरवसा यांवर ते काम रेटत राहिले. टेबल गेले तर आपल्यापाशी उरते काय, हा विचार पाठ सोडीत नसे.

अशातच दोन्ही घरांनी मिळून पायी सहल ठरवली. शेतांच्या बांधांवरून, ओढ्याकाठून, खेड्यांत मुक्काम करीत जायचे. नाही म्हणावे, तर कारण द्यावे लागले असते. पत्नीच्या डोक्याला पिवळा रुमाल होता. मान किंचित वाकडी करून घड्याळजी त्या पिवळ्या रंगामागून चालत राहिले. एकदा पाय घसरून चिखलात बसले.

"बुटाची नाडी सुटली होती," ते म्हणाले.

"भावोजी, नाडी जिथल्या तिथे आहे," वहिनी हसल्या. "तुम्हालाच चिखलाची ओढ दिसतेय!"

छायाचित्रे काढण्याचा मान नेहमीप्रमाणे त्यांचाच. शिवाय घरचा रिवाज असा, की ज्याने ती काढली, त्यानेच परतल्यावर सर्वांना बसवून एकेक वर्णन करून सांगायची. म्हणून घड्याळजी आवाजाच्या रोखाने फोन धरीत, आणि निजताना क्रम घोकीत: फाटक, कुत्रा, लाकडी पूल, झाडाखाली घोरणारा दादा. पाठांतर पक्के झाले. झाकली मूठ झाकलेलीच राहील, असे त्यांना वाटले.

रविवारी दुपारी थोरल्यांच्या दिवाणखान्यात पडदे ओढले गेले. लेकीने फोन टीव्हीला जोडला.

"हं, बाबा, करा सुरू."

घड्याळजींनी घसा साफ केला. "हे गावाबाहेरचं फाटक. इथून आपण निघालो. गंज बघा कसा चढलाय!"

वहिनी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अगं बाई! मी फाटक? आणि गंजलेलीसुद्धा?"

एखादे चित्र मधेच शिरले असावे, असे समजून घड्याळजीही हसले. "थट्टा हो, वहिनी. पुढचं लाव गं."

चित्र बदलले.

"हा आपल्यामागे लागलेला कुत्रा. बिस्किटासाठी कसा जीभ काढून बसलाय!"

"शाब्बास!" दादा गडगडले. "थोरल्या भावाचे चांगले पांग फेडलेस."

तिसरे चित्र आले. आता माघार घेणे अशक्य होते. "हा लाकडी पूल," घड्याळजी म्हणाले. "फळ्या मोडक्या होत्या. आठवतंय ना?"

कोणी हसले नाही.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "ही आई आहे. फोन शेवटचा फोटो आधी दाखवतो. तुम्हाला… दिसत नाहीये?"

पत्नी उठून त्यांच्या पुढ्यात आली. "अहो, माझ्याकडे बघा." त्यांनी पाहिले, आणि ज्या चेहऱ्यासमवेत संसार केला, तो डागात बुडून गेला. दोन्ही बाजूंना तिचे खांदे तेवढे उरले.

दादांचा आवाज बदलला. "गिऱ्हाईकं घड्याळं परत आणतात, ती यामुळे?"

"दादा, बोटांना कळतं रे मला. कानाने चाल ओळखतो. टेबल तेवढं काढू नकोस. मी तिथे नसलो, तर कुठे बसू?"

"गल्ल्यावर ये माझ्या शेजारी. पण लोकांची घड्याळं तुझ्या हाती कशी देऊ? तूच सांग."

दादांच्या जागी घड्याळजींनीही हेच म्हटले असते.

लेक टीव्ही बंद करायला निघाली, तशी पत्नी म्हणाली, "राहू दे. पुढचा लाव." ती त्यांना खेटून बसली. "हे दादा झाडाखाली झोपलेत. तोंड उघडं आहे. ऐकताय ना?"

"ऐकतोय," ते म्हणाले. त्यांच्या मांडीवर अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत होती, हातात नसलेल्या घड्याळाला चावी देत.