शांताताईंची काळी पाच

लक्ष्मीकांत पुराणिकांनी सेहेचाळीस वर्षं ऑर्गन वाजवला. त्यांच्या नाटकमंडळाच्या एकाही फोटोत ते नाहीत. एका फोटोत कोपर आहे. दुसऱ्यात टक्कल आहे, पण ते तबलजी रमाकांतचंही असू शकतं.

त्यात कुणाचा दोष नव्हता. ऑर्गन रंगमंचाच्या खाली असतो. वाजवणाऱ्याचं तोंड नटांकडे, पाठ प्रेक्षकांकडे. फोटो काढणारा वरचं काढतो. लक्ष्मीकांतराव दिवसभर एका सरकारी कचेरीत आवक-जावक बघायचे. संध्याकाळी ग्वाल्हेरच्या किला गेटजवळच्या घरी चहा घ्यायचे आणि स्कूटरवरून तालमीला जायचे. बायको, विमल, म्हणायची, "तुमचं लग्न त्या पेटाऱ्याशी लागलंय. मी आपली सवत."

मंडळाचं नाटक एकच, 'संगीत रत्नमेखला'. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत त्याची पदं तीन पिढ्यांना पाठ. नायिका शांताताई मोहिते. सोळा वर्षांची राजकन्या त्यांनी सत्तराव्या वर्षापर्यंत केली आणि कुणी हसलं नाही. कारण गळा.

"आम्ही काळी पाचला गातो," शांताताई सांगायच्या. नव्या मुलींना तर हमखास. "तुम्ही आजच्या पोरी खालच्या पट्टीत गाता, तरी धापा टाकता."

काळी पाच म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी. तिथे सा धरून गायला छाती लागते. पट्टी जितकी डावीकडे, तितका आवाज खाली, तितकं गाणं सोपं.

शांताताई सत्तावन्न वर्षांच्या असताना तालमीत त्यांचा आवाज फाटला. तिसऱ्या अंकातलं पद, वरचा सूर. एकदा नाही, चारदा. प्रयोग चार दिवसांवर होता. त्या विंगेत जाऊन बसल्या. म्हणाल्या, "बस हो गया. दुसरी कुणी बघा."

दुसरी कुणी नव्हती. लक्ष्मीकांतरावांनी रमाकांतकडे बघितलं. रमाकांतनं हातोडी उचलली आणि तबला किंचित उतरवला. प्रयोगाला लक्ष्मीकांतरावांचं बोट काळी पाचवर गेलं नाही. शेजारच्या पांढरी सहावर गेलं. अर्धा सूर खाली.

मंडळात एक रीत होती. गाणाऱ्यानं वाजवणाऱ्याच्या बोटांकडे बघायचं नाही. तोंडाकडे बघायचं. नजर मिळाली की तो सूर देणार, तो कानानं घ्यायचा. शांताताईंनी नजर दिली, सूर घेतला आणि गायल्या. तीन वन्समोअर. आत येऊन रडल्या. "पुराणिक, गळा परत आला माझा!"

आता काय सांगणार?

दर रविवारी सकाळी लक्ष्मीकांतराव त्यांच्या घरी तंबोरा लावायला जायचेच. तेव्हापासून तोही अर्धा सूर खाली लावू लागले. सहा वर्षांनी आणखी अर्धा. पुढे आणखी सहा वर्षांनी आणखी अर्धा. पांढरी सहा, काळी चार, पांढरी पाच. मग रमाकांत गेला. पूर्ण नाटक थांबलं. गणेशोत्सवात शांताताई एक पद म्हणायच्या, तेवढं उरलं. नवा तबलजी तरुण होता, प्रश्न विचारणारा होता. त्याला कटात घेण्याचा धीर लक्ष्मीकांतरावांना झाला नाही. पट्टी पांढरी पाचवर थांबली.

इथवर त्यांना पाप वाटत नव्हतं. वाटत होतं ते हेमांगीचं.

हेमांगी शांताताईंची सून. संगीत शिकून आलेली. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी म्हणाली, "आई, मला रत्नमेखला करायची आहे." शांताताईंनी तिला तालमीत उभं केलं. "पुराणिक, काळी पाच द्या हिला."

हेमांगीचा कान तयार होता. स्वतः गाताना खोटी पट्टी तिनं ओळखली असती. लक्ष्मीकांतरावांनी खरी दिली. मुलगी वरच्या सुराला अडखळली. शांताताई त्या काळात दीड नव्हे, पण पूर्ण एक सूर खाली गात होत्या. त्या म्हणाल्या, "लागत नाही गं. ही भूमिका येरागबाळ्याची नाही." हेमांगी पुन्हा तालमीला आली नाही. बँकेच्या परीक्षा दिल्या. आता सिटी सेंटरच्या शाखेत असते. घरात गुणगुणतसुद्धा नाही.

लक्ष्मीकांतराव त्या दिवशी ऑर्गनचं झाकण लावून घरी गेले. 

मग गेल्या वर्षी गरिमा आली. मुंबईच्या एका कंपनीला 'रत्नमेखला'वर सिनेमा काढायचा होता. पटकथा लिहिणारी गरिमा मूळची ग्वाल्हेरची, त्यामुळे तिला माहीत होतं की जुन्या चाली इथेच जिवंत आहेत. ती पाच दिवस राहिली. शांताताईंनी तिला सगळी पदं दिली, प्रत्येक पदामागचा किस्सा दिला, काळी पाच तर रोज दिली.

चौथ्या दिवशी गरिमा लक्ष्मीकांतरावांकडे आली. मंडळाचे आल्बम मांडीवर घेऊन बसली.

"काका, तुम्ही तर कुठे दिसतच नाही. ये क्या बात हुई?"

"आमचं काम दिसायचं नसतं."

"मग काम काय होतं, बताओ ना. नुसतं मागे मागे वाजवणं?"

नुसतं. तो शब्द लागला. सेहेचाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते असं. लक्ष्मीकांतराव बोलायला लागले. पांढरी सहा सांगितली, रमाकांतची हातोडी सांगितली, रविवारचा तंबोरा सांगितला. मुलगी लिहायची थांबली होती. तोंड उघडं ठेवून ऐकत होती. विमलनं चहा आणून ठेवला, तो निवला. त्यांना फार बरं वाटत होतं.

शेवटी गरिमा म्हणाली, "काका, ही तर खरी गोष्ट आहे. नाटकापेक्षा मोठी."

तेव्हा ते म्हणू शकत होते, हे लिहू नकोस. तेवढी जागा होती. ती वही बंद करत होती, पिशवी आवरत होती, चपला घालत होती. ते दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "जिना जपून उतर."

सिनेमा लागला. मंडळानं दुपारच्या खेळाला अख्खी रांग धरली. शांताताई मोतिया रंगाची पैठणी नेसून मधोमध. डावीकडे हेमांगी, उजवीकडे लक्ष्मीकांतराव, त्यांच्या पलीकडे विमल.

पडद्यावर एक म्हातारी होत चाललेली नाटकमंडळी 'रत्नमेखला'चा शेवटचा प्रयोग बसवत होती. पदं खरोखर सुंदर झाली होती. शांताताई मांडीवर ताल देत होत्या. मग पडद्यावरची नायिका एका मुलीला म्हणाली, "आम्ही काळी पाचला गातो." प्रेक्षक हसले. शांताताईही हसल्या. "माझंच घेतलंय मेलीनं," त्या कौतुकानं म्हणाल्या.

पुढच्या दृश्यात पडद्यावरच्या म्हाताऱ्या पेटीवाल्याचं बोट काळी पट्टी सोडून शेजारच्या पांढरीवर गेलं. ते बोट कॅमेऱ्यानं जवळून दाखवलं. तबलजीनं हातोडी उचलली. मग रविवार आला. तंबोरा आला. प्रेक्षक पुन्हा हसले, या वेळी हळू, मायेनं.

शांताताईंचा ताल थांबला. त्यांनी लक्ष्मीकांतरावांकडे बघितलं नाही. आपला हात मांडीवरून उचलला आणि पदराखाली घेतला.

शेवटी नावं आली. आभार: शांताताई मोहिते, लक्ष्मीकांत पुराणिक, ग्वाल्हेर. त्यांचं नाव आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या अक्षरांत होतं. ते जमिनीकडे बघत होते. विमलनं कोपरानं ढोसलं, "अहो, बघा तरी." त्यांनी बघितलं नाही.

पुढच्या रविवारी ते गेले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी विमल म्हणाली, "तोंड लपवून किती दिवस बसणार? जा. शिव्या खाऊन या."

दार हेमांगीनं उघडलं. ती बाजूला झाली नाही.

"काका, मला खरी दिली होती ना?"

"हो."

"आणि आईंना?"

"काळी चार."

तिनं मान हलवली. हिशेब जुळल्यासारखी नाही, नुसतीच. मग म्हणाली, "चहा टाकते," आणि आत गेली. तिनं काही बोलायला हवं होतं, असं त्यांना वाटलं. शिवी चालली असती.

शांताताई सतरंजीवर बसल्या होत्या. समोर तंबोरा. शेजारी हेमांगीची जुनी पेटी, धूळ पुसलेली. त्यांचं बोट पाचव्या काळ्या पट्टीवर होतं.

"या. काळी पाच लावा."

लक्ष्मीकांतरावांनी खुंटी पिळली. हात सवयीच्या जागी थांबला.

"अजून वर."

"तार तुटेल, शांताताई."

"तुटू दे. आज मी बोटं बघणार आहे तुमची."

त्यांनी लावली. तार तुटली नाही. शांताताईंनी तिसऱ्या अंकातलं पद घेतलं. ओळ ठीक गेली. वरच्या सुराला आवाज फाटला आणि ठसका आला. त्या पाणी प्यायल्या. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच.

"कधीपासून?"

"तो प्रयोग. तीन वन्समोअरचा."

"म्हणजे ते वन्समोअर..."

"तुमचेच होते."

"ते तुम्हाला विचारलं नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "एकवीस वर्षं मी पोरींना टोमणे मारले. ही माझ्या घरात मुकी झाली. तुम्ही तिथंच बसला होतात. एकदा म्हणायचं होतं, शांता, तुझा गळा उतरलाय. मी दोन दिवस रडले असते. मग खाली गायले असते. इसमें क्या था?"

 लक्ष्मीकांतरावांना या बाईला दुखवायचं नव्हतं, हे खरं होतं. पण हेमांगीचं जे झालं, त्याला ते खरं पुरत नव्हतं. आणि या दोघींना सांगायची हिंमत नव्हती ते त्यांनी मुंबईहून आलेल्या गरिमाला एका दुपारी सांगून टाकलं होतं.

"गणपतीत मी गाणार," शांताताई म्हणाल्या. "आधी पट्टी सांगायची. लोकांना. मोठ्यानं. मी नाही, तुम्ही."

सेहेचाळीस वर्षांत ते रंगमंचावरून एक शब्द बोलले नव्हते.

गणेशोत्सवात सभागृह भरलं. सिनेमा बघून आलेले बरेच होते. लक्ष्मीकांतराव ऑर्गनवरून उठले आणि पहिल्यांदा लोकांकडे तोंड केलं. माईक कुणीतरी हातात दिला. पहिल्या रांगेत हेमांगी होती.

"शांताताई मोहिते पांढरी पाचमध्ये गातील," ते म्हणाले. मग माईक परत दिला नाही. "नऊ वर्षांपासून त्या याच पट्टीत गातात. त्यांना माहीत नव्हतं. मला होतं. हेमांगी मोहितेंना मी काळी पाच दिली होती. तेव्हा शांताताईंची पट्टी काळी चार होती."

सभागृहात कुणी हसलं नाही. ते बसले. सूर दिला.

शांताताई गायल्या. चांगल्या गायल्या, पण वरच्या सुराला जरा ओढल्या गेल्या. टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "वन्समोअर!" मग सगळेच.

लक्ष्मीकांतरावांनी वर बघितलं. रीतीप्रमाणे त्या नजर देतील आणि मग सूर द्यायचा. शांताताईंनी नजर दिली नाही. ते वाट बघत राहिले. अखेर त्यांनी पांढरी पाच दाबली. शांताताईंनी न बघता हात वर केला. थांबा.

त्यांनी डोळे मिटले आणि आपला सूर आपणच लावला. ऑर्गनशिवाय.

लक्ष्मीकांतरावांची बोटं शोधू लागली. पांढरी पाच नव्हती. डावीकडे. काळी तीन. आणखी अर्धा सूर खाली. गेली कितीतरी वर्षं ही पट्टी हवी होती, आणि ते एका तबलजीला घाबरून त्यांना वर ताणत बसले होते. वरचा सूर आला, आणि तो सहज आला, मोकळा, मोठा. पहिल्या रांगेत हेमांगीचा हात मांडीवर तालात पडत होता.

त्यांनी काळी तीन हलकेच धरली आणि मागून वाजवत राहिले. पद संपेपर्यंत शांताताईंनी खाली बघितलं नाही.