बावीस मिनिटं दादा हलला नाही

१३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी दादाच्या ट्रॅकपँटची चेन उसवून नाडी ओवत होते. एमआरआयच्या खोलीत धातूचा कणही चालत नाही, आणि आमची ही तिसरी फेरी होती.

आधीच सांगते, माझा भुताखेतांवर विश्वास नाही. कोपर स्टेशनजवळच्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी आहे. गच्चीवर पांढरी बाई दिसते अशी तक्रार आली, तेव्हा मी तिथली ट्यूब बदलून घेतली. तक्रार बंद.

दादा माझा मोठा भाऊ, वय अठ्ठावन्न. दिवाळीनंतर चालताना तोल जायला लागला, मग माणसं विसरला, मग बोलणंच थांबलं... आणि हातापायांना सतत झटके. डॉक्टरांना एका दुर्मिळ आजाराची शंका होती — मेंदूतलं एक प्रोटीन बिघडतं आणि शेजारच्या प्रोटीनांनाही बिघडवत जातं. प्रिऑन म्हणतात त्याला. एमआरआयच्या एका खास फोटोत तो आजार दिसतो. पण झटक्यांमुळे दोन्ही वेळा फोटो हलले. श्वासाचा धोका होता, म्हणून झोपेचं इंजेक्शन द्यायला कुणी तयार नव्हतं.

वहिनीने तोवर वेगळीच तयारी केलेली. "ताई, हे बाहेरचंच आहे. शहाडच्या पुढे एक बाबा आहेत. तीन दिवस बांधून ठेवतात, धुरी देतात."

"धुरीने आजार जात असते ना वहिनी, तर आपल्याकडे डासांचा धूर मारायला येतो तो एव्हाना सिव्हिल सर्जन झाला असता."

ती हसली नाही. "तुमच्या मशीनला तरी कुठे काय दिसतंय?"

शेवटी ठरलं — ह्या वेळी काही निघालं नाही तर रविवारी बाबा. धड गिळता न येणाऱ्या माणसाला बांधून धूर... पुढचं मला स्पष्ट दिसत होतं.

घोडबंदर रोडवरच्या सेंटरला पोचायला दोन तास लागले. टेक्निशियन बाई लातूरकडच्या, कामाला चोख. बांगड्या, मंगळसूत्र, केसातल्या पिना, सगळं काढून ठेवल्यावर त्यांनी मला आत बसू दिलं. कानात बोळे घालून मी दादाचा उजवा पाय दोन्ही हातांनी धरला. मासा तडफडावा तसा तो उडत होता. मशीन ठोकायला लागलं... आणि पाय हळूहळू शांत झाला. मग हललाच नाही.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "पूर्ण बावीस मिनिटं, मॅडम! भारी युक्ती केली की तुम्ही. पायातलं काढतेय म्हटलं की माणूस हलत नाही बघा."

"पायातलं काय?"

"तुम्हीच म्हणत होता की. 'हालू नको रं, शिप आत मोडंल.' एरवी मशीन चालू असताना स्पीकरवर आतलं काही कळत नाही, पण हे स्वच्छ आलं. चार-पाच वेळा."

मी तोंडही उघडलं नव्हतं.

आमची आई मिठागरावर कामाला जायची. दादा लहानपणी खाडीच्या चिखलात अनवाणी हुंदडायचा, कालवाची शिंप तळव्यात घुसायची. आई पाय मांडीवर घेऊन सुईने ती काढायची आणि हेच म्हणायची, ह्याच शब्दांत. एवढा दांडगा पोरगा, पण तेवढा वेळ दगडासारखा बसायचा. आई जाऊन वीस वर्षं झाली. ती बोली तर मी शाळेतच सोडली. नकळत मीच बोलले असेन? स्वतःला तसं सांगून बघितलं. पटलं नाही. आणि लातूरच्या बाईंना ते शब्द कुठून सुचणार?

फोटो स्वच्छ आले. संध्याकाळी डॉक्टरांनी मेंदूच्या कडेने गेलेली पांढरी रेघ बोटाने दाखवली. "शंका होती तोच आजार. उपाय नाही. काही आठवडे, फार तर महिने. घरी न्या, जपा."

वहिनीने त्या रेघेवरून स्वतःचंही बोट फिरवलं. मग तिथूनच तिने बाबाला फोन लावला. "रविवारी येत नाही आम्ही. आजार आहे त्यांना."

पाय एवढा वेळ शांत कसा राहिला, ते मी डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, झटके मध्येच कमी होतात कधीकधी. होत असतील. स्पीकरवर आलेल्या आवाजाचा उलगडा मात्र मला आजवर झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी दादाला चमच्याने पेज भरवत होती. पाय पुन्हा उडायला लागला, पेज सांडायला लागली. मी त्याचा तळवा मांडीवर घेतला आणि इतक्या वर्षांनी ती बोली तोंडात आणली — "हालू नको रं दादा, शिप आत मोडंल."

पाय काही थांबला नाही. पेज मात्र अर्धी वाटी गेली.