सरकमामांची लाइन

पंख्याच्या कारखान्यातल्या जुळणीच्या लाइनचे सुपरवायझर सगळ्यांचेच मामा. त्याआधीचा ‘सरक’ मात्र त्यांनी स्वतः कमावलेला. जाळी बसवणारीचा हात अडखळला, वायर जोडणारा रजेवर गेला, पातं तिरकं बसलं, की मामा हजर. “सरक जरा,” म्हणायचे आणि बघता बघता काम हातावेगळं. समोरच्याने जांभई देऊन तोंड मिटेपर्यंत पंखा पुढच्या टेबलावर. याचा मामांना गर्व होता, आणि का नसावा? हात होताच तसा.

त्या वर्षी कंपनीला भिंतीच्या पंख्याचं नवं काम मिळालं. टेबलफॅन आणि भिंतीचा पंखा एकाच लाइनवर आलटून पालटून काढायचे होते. मामांच्या लाइनला झेपलं तर ठीक, नाहीतर सगळंच काम दुसऱ्या कारखान्यात जाणार, लाइन बंद, माणसं घरी. लाइन किती लवचिक आहे हे मोजायला हेड ऑफिसने जी इंजिनियर पाठवली, ती नेमकी मामांची सख्खी भाची. गंमत बघा, अख्खा कारखाना त्यांना मामा म्हणे आणि जिचा तो हक्क, ती तेवढी कामावर ‘सर’ म्हणे.

“मोज बाई, हवं तसं मोज,” मामा म्हणाले.

तिने टेबलफॅन थांबवून भिंतीचा पंखा सुरू करायला सांगितलं. मामा लाइनभर भिंगरीसारखे फिरले आणि हां हां म्हणता नवा पंखा तयार. मामांनी मिशीला पीळ दिला. तेव्हा ती म्हणाली, “सर, आता तुम्ही केबिनमध्ये बसा.” वायर जोडणाऱ्यालाही तिने उठवलं. हा आज रजेवर आहे असं समजा, म्हणाली.

लाइन ठप्प झाली. काचेतून मामा बघत होते. माणसं हातावर हात धरून उभी, आणि सगळ्यांच्या माना केबिनकडे वळलेल्या.

“लाइन लवचिक नाहीये, मामा,” भाची हळूच म्हणाली. ‘सर’ कुठल्या कुठे गळून पडलं होतं. “लवचिक तुम्ही आहात. मला लाइनचं माप हवंय. महिन्याने पुन्हा येते.”

मामांचा पारा चढला. घरी पोचले ते धुसफुसतच. “कालची पोर! कडेवर खेळवलीय मी हिला!”

“बरोबर बोलली पोर,” मामी म्हणाल्या. “इतक्या वर्षांत मला साधा बल्ब बदलू दिलात का? जरा कुठे अडलं की आपले तुम्ही स्टुलावर.”

मामांची नजर वर बल्बकडे गेली. माणसं शिकणार कधी? शिकायची वेळ आली की आपणच त्यांना बाजूला सारलं. मामांना मनापासून वाईट वाटलं. पण कुढत बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मामांचे हात खिशात. जाळीवाली वायरवर, वायरवाला पात्यांवर. सुरुवातीला पंखे उलटे फिरले, माल कमी निघाला, मॅनेजरने चारचौघांत फैलावर घेतलं. मामांनी ऐकून घेतलं. कुणी अडलं की तोंडाने सांगायचे, पण हात बाहेर काढायचे नाहीत. “एवढी शिक्षा मला शाळेतसुद्धा झाली नव्हती,” म्हणायचे.

भाची आली. या खेपेला तिने भिंतीचा पंखा लावायला सांगून दोघांना उठवलं, त्यात वायरवाला होताच. कुणी न सांगता जाळीवाली त्याच्या टेबलावर जाऊन बसली. आणि तिची पहिलीच वायर चुकली.  मामांचे हात खिशातून कधी निघाले आणि पाय कधी पुढे पडले, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

“मामा, उजेड अडतोय तुमच्यामुळे,” जाळीवाली वरही न बघता म्हणाली.

मामा मुकाट्याने मागे झाले. तिने वायर सोडवली, पुन्हा जोडली आणि बटण दाबलं. पंखा गरगरला. तोवर शेजारच्याने पुढची जाळी उचललीसुद्धा होती.

भाचीने हातातलं स्टॉपवॉच थांबवलं. “काम इथेच राहणार, मामा. आता उद्या तुम्ही आला नाहीत तरी चालेल.”

असं कुणी म्हणालं तर काळजात चर्र होईल, असं मामांना कायम वाटायचं. झालंच चर्र. पण पाठोपाठ छाती अशी फुगली की शर्टाची बटणं ताणली.

“चालेल ना? मग नाहीच येत,” मामा म्हणाले आणि त्यांनी जाळीवालीला हाक मारली, “ए, उद्या लाइन तुझ्याकडे!”